पदराचं पाणी

औशाच्या बसस्टँडवर पाणी विकत मिळतं, ही गोष्ट चांदबीला कधीच पटली नाही. "पाण्याला पैसे? उद्या सावलीला लावतील मेले," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची आणि त्याच्या हातातली रिकामी बाटली ओढून घेऊन आपल्या रांजणातून भरून द्यायची. सोलापूरकडं जाणाऱ्या गाड्या जिथं वळतात तिथं लिंबाखाली तिचे रांजण मांडलेले. तहानलेला माणूस कुठला, कुणाचा, हे तिनं कधी विचारलं नाही. विचारायची ते एवढंच, "अजून देऊ?"

तिचं सासर भिश्त्यांचं. सासऱ्यानं पाठीवर कातड्याची मशक वाहून निम्म्या औशाला पाणी पाजलं, नवऱ्यानं हातगाड्यावर पिंपं ढकलली. मग नळ आले, टँकर आले आणि भिश्त्याला कुणी विचारेना. नवरा गेल्यावर चांदबीनं मशक खुंटीला टांगली आणि स्टँडवर रांजण मांडले. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातही ही बाई टँकरवर झोंबाझोंबी करून पहिला हंडा रांजणात ओतायची आणि मग दुसरा घरात न्यायची. सून नाजिया तेव्हा नवीनच लग्न होऊन आलेली. ती कपाळाला हात लावून बघत राहायची.

रांजणांना लागूनच संगप्पाचं किराणा दुकान. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून बसणारा संगप्पा बाटलीतलं पाणी विकायचा आणि चांदबी त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं गिऱ्हाईक फोडायची. यावरून दोघांची कडाकडा भांडणं व्हायची. पण मोहरमच्या दहाव्या दिवशी चांदबीची सबील लागायची, म्हणजे रांजणांना हिरवं फडकं बांधून रस्त्यावरच्या प्रत्येकाला सरबत पाजायचं, तेव्हा त्या सरबताचा गूळ याच संगप्पाच्या दुकानातून यायचा. "पाणी तुमचं, गोडी आमची," असं म्हणत तो स्वतः ढेप फोडून द्यायचा.

त्या दिवशी गल्लीतल्या बाया आपली तान्ही लेकरं घेऊन यायच्या. ग्लासानं पिता न येणाऱ्या लेकराला चांदबी जवळ घ्यायची, पदराचं टोक रांजणात बुडवायची आणि त्याच्या ओठांत हळूच पिळायची. करबल्याच्या मैदानात शत्रूनं पाणी अडवलं आणि लेकरं तहानेनं तडफडून गेली, म्हणून आपल्या दारातलं एकही लेकरू कोरडं राहता कामा नये, असा हा सासूकडून आलेला रिवाज. औशातली कितीतरी पोरं त्या पदराला तोंड लावून मोठी झाली होती.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की, चांदबीनं पुढं जे केलं ते नुसतं अडाणीपणानं केलं असं कुणी समजू नये. अडाणीपणा होताच, तो कोण नाकारतो? पण ज्या हातानं जन्मभर पुण्य केलं, त्याच हातानं तिनं तेही केलं.

तिचा मुलगा सद्दाम टमटम चालवतो. त्याची थोरली इकरा जन्मापासून नाजूक. चार पावलं पळाली की मटकन उकिडवी बसायची आणि ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे निळे पडायचे. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि हृदयात भोक आहे, रक्ताची वाटही अरुंद आहे असं सांगितलं. तेव्हा घराच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशन चांगलं झालं. काचेतून बघितलं तर इकराचे ओठ गुलाबी दिसत होते. चांदबीनं असले ओठ त्या पोरीच्या तोंडावर कधी बघितलेच नव्हते. ती तिथंच फरशीवर बसली आणि दुवा मागत राहिली. घशातली नळीही लवकर निघाली. आता सुटलो, असं सगळ्यांना वाटलं.

पण दुसऱ्या दिवशीपासून पोर सुजायला लागली. आधी पापण्या, मग हातपाय, मग पोट. पलंगाला लघवीची पिशवी लटकत होती, तिच्या तळाशी नुसता ओलावा. डॉ. धम्मानंद गजभारे यांनी सगळ्यांना बाहेर बोलावून समजावलं. "ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवून मशीनवर रक्त फिरवावं लागतं. त्यानं अंगात पाणी मुरतं. हृदय आत्ताच शिवलंय, त्याला अजून जोर नाही, आणि किडन्या रुसून बसल्यात. आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. ते फुप्फुसात साठलं तर पोरगी हातची जाईल. म्हणून तिला पाणी बंद. सलाईन आणि औषधातून जाईल तेवढंच."

"बंद म्हंजे? पीयाला बी न्हाई?" चांदबीनं विचारलं.

"नाही आजी. ओठ ओले करा फक्त."

नाजियाच्या अंगावर तान्हं बाळ होतं, त्याला आयसीयूत नेता येईना. त्यामुळं इकराजवळ बसायची पाळी दादीवर आली. अंगावर हिरवा गाऊन चढवून, पदर त्याच्या आत खोचून ती पलंगाशी बसायची. तिथली सिस्टर वर्षाराणी हिमायतनगरची, बोलायला मोकळी. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, "दादी, मी बी आपल्याच भागातली हाय, म्हणून सांगून राहिले. थेंब न्हाई म्हंजे न्हाई. हिला जाणारं समदं पाणी मी मोजून देते आणि येणारं मोजून घेते. माझी मोजणी चुकली तर डॉक्टर माझं सालटं काढतील."

इकरा शुद्धीवर होती, हेच वाईट होतं. तिच्या छातीतून नळ्या निघालेल्या, हात पट्टीला बांधलेला, जीभ चामड्यासारखी कोरडी. घरात त्यांची बोली दखनी. त्या बोलीत ती एकच गोष्ट मागत होती. "दादी, पानी."

"देती बेटा, देती."

"दादी, पानी होना."

चांदबी ओल्या कापसानं तिचे ओठ पुसायची. पोर तो कापूस दातांत पकडायला बघायची आणि सिस्टर हळूच काढून घ्यायची. मग इकरा रडायला लागायची, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. एकदा तिनं विचारलं, "दादी, मैं क्या करी?" आपण काय गुन्हा केला म्हणून दादी, जी अख्ख्या जगाला पाणी पाजते, आपल्याला देत नाही, हे त्या पोरीला कळत नव्हतं. चांदबीच्या काळजाचे तुकडे झाले. मोहरमच्या रात्री बायका करबल्याची कहाणी सांगायच्या, तेव्हा तहानलेल्या लेकरांसाठी ती लहानपणापासून रडत आली होती. पाणी अडवणाऱ्यांना तिनं जन्मभर शिव्या मोजल्या होत्या. आता पाणी अडवून बसलेली तीच होती.

औशाहून निघताना गल्लीतल्या एका हाजीसाहेबांनी तिला जमजमची बाटली दिली होती, थेट मक्केहून आणलेलं पाणी. ती बाटली बाहेर पिशवीत होती. चांदबीच्या मनात आलं, डॉक्टरांनी पाणी बंद केलंय. पण जमजम काय पाणी आहे? ती तर शिफा, आजार बरा करणारी. ते पोटात जाऊन पाणी होऊन थोडंच राहतं? आणि पाजायचं कुठं आहे? ओठ ओले करायचे आहेत, तेवढी परवानगी तर आहेच. माणसाला स्वतःला फसवायचं असलं की वकील शोधावा लागत नाही.

तिनं बाहेर जाऊन पदराचं टोक बाटलीत बुडवलं, मुठीत धरलं आणि गाऊनच्या आत लपवून आणलं. सिस्टर पाठमोरी झाली तसा तो पदर इकराच्या ओठांत दिला. पोर तान्ह्या बाळासारखी चोखायला लागली. तिचे डोळे मिटले, कपाळावरची आठी गेली. चांदबीला वाटलं, आता आपण मेलो तरी चालेल.

त्यानंतर तो नेमच झाला. नमाजला जाते म्हणून उठायची, चहाला जाते म्हणून उठायची, आणि दर वेळी ओला पदर घेऊन आत यायची. बाटली अर्धी झाली की त्यात साधं पाणी घालायची. जमजममध्ये दुसरं पाणी मिसळलं तरी त्याची बरकत सगळ्याला लागते, असं तिच्या घरात मानत आले होते. त्यामुळं ती बाटली कधी संपलीच नाही.

इकरा शांत झाली, पण बरी होईना. सूज वाढली. छातीतल्या नळ्यांतून पिवळं पाणी जास्त यायला लागलं. श्वास असा चालायचा की बघणाऱ्याला धाप लागावी. मग एका सकाळी तिचे डोळे फिरले आणि हातपाय झटके द्यायला लागले. चांदबीला बाहेर काढलं. काचेआड धावपळ झाली, पोरीच्या घशात पुन्हा नळी गेली, मशीन पुन्हा श्वास द्यायला लागलं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. सद्दाम आणि नाजिया पुढं झाले. "रक्तातलं मीठ एकदम पातळ झालंय, त्यानं झटके आले," डॉक्टर म्हणाले. "छातीत पाणी भरलंय. वजन वाढतंय. आम्ही देतोय इतकं कमी, मग हे पाणी येतंय कुठून? हिशेबच लागत नाही. एक तर आमचं मोजायचं चुकतंय, नाहीतर आतला टाका गळून हृदय हरत चाललंय. आम्हाला छाती पुन्हा उघडून बघावी लागेल. या अवस्थेत ते ती सोसेलच असं मी सांगत नाही." मग ते वर्षाराणीकडं वळले. "सिस्टर, तुमच्या पाळीत काय चाललंय?"

"सर, मी थेंब न् थेंब मोजलाय," वर्षाराणी म्हणाली.

चांदबी भिंतीला टेकून उभी होती. गाऊनच्या आत पदराचं टोक अजून ओलं होतं आणि ते तिच्या पोटाला गार लागत होतं. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. बोललं तर जमजमनं घात केला असं म्हणावं लागणार होतं, सासूचा रिवाज खोटा म्हणावा लागणार होता, जन्मभर ज्याला पुण्य म्हटलं त्याला पाप म्हणावं लागणार होतं. तिचं मन पळवाटा शोधत होतं. हृदयच गळत असेल, एवढ्याशा पदरानं काय होतंय. तेवढ्यात नाजियानं छाती उघडायच्या संमतीच्या कागदावर सही करायला हात पुढं केला.

"थांबा," चांदबी म्हणाली. "सिस्टरचं कायच चुकलं न्हाई. पानी मी पाजलं."

डॉक्टर सिस्टरकडून तिच्याकडं वळले.

"किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"किती म्हंजे... पदरानं. ह्या टोकानं."

"दाखवा."

वर्षाराणीनं औषध मोजायचा प्लास्टिकचा पेला आणला आणि एका भांड्यात पाणी. चांदबीनं पदर बुडवला, रोजच्यासारखा मुठीत धरला आणि पेल्यावर पिळला. पेला भरला. भरून तो ट्रेमध्ये सांडला. रांजणांवर आयुष्य काढलेली बाई त्या इवल्या पेल्याकडं बघत राहिली.

"असं किती वेळा?"

तिला सांगता येईना. तिनं पाणी कधी मोजलंच नव्हतं. पाणी मोजणं म्हणजे तिच्या घरात कद्रूपणा.

"आजी," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी आवाज चढवला नाही म्हणून ते जास्त लागलं, "ती अंगातल्या अंगात बुडतीय. आणि आम्ही तिचं हृदय फाडून बघणार होतो." मग ते आतल्या माणसांना म्हणाले, "छाती उघडायची नाही. पोटात नळी टाकून पाणी काढायची तयारी करा." जाता जाता ते थांबले. "खरं बोललात म्हणून एक धोका टळला. बाकीचं तिच्या किडन्यांच्या हातात आहे. मी कसलाही शब्द देत नाही."

नाजिया किंचाळली नाही, रडलीही नाही. तिच्या खांद्यावरचं तान्हं कुरकुरायला लागलं म्हणून चांदबीनं सवयीनं हात पुढं केले. नाजियानं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पाठ फिरवली. सद्दाम आईकडं न बघता जिना उतरून गेला. वर्षाराणीनं गाऊन काढून घेतला. "दादी, आता तुम्हाला आत सोडता येणार न्हाई," ती एवढंच म्हणाली.

चांदबी जिन्याशेजारच्या बाकावर बसली. पलीकडं भोकरकडची कुणी बाई होती. तिनं बाटलीच्या टोपणात पाणी ओतून पुढं केलं, "घ्या मावशी, लई वेळ झाला तुम्ही काय घेतलं न्हाई." चांदबीनं घोट तोंडात घेतला आणि तो घशाखाली उतरेना. या अल्लाह, माझं जे काय उरलंय ते घे, पण माझ्या हाताचं पाणी त्या पोरीच्या अंगातून काढ, एवढंच ती मागत होती. त्यापुढं काय मागावं हेही तिला सुचत नव्हतं.

फोन वाजला. औशाहून संगप्पा. "भाभी, उद्या मोहरमची दहावी. रांजण धुवून घेतलेत. गूळ फोडून ठेवलाय. पोरगी कशी हाय?"

"संगप्पा, फोडा ते रांजण," चांदबी म्हणाली. "माझ्या हाताला पानी नासलं. मी माझ्या लेकराला पानी पाजून मारलं." आणि मग तिनं सगळं सांगितलं, अडखळत, बाकावरच्या बाईला ऐकू जातंय याची पर्वा न करता.

"असलं काय बी बोलून राहिल्या तुम्ही," संगप्पा म्हणाला. "जीव हाय तवर मारलं म्हणू नका. आमच्या मंडळीनं, गुरम्मानं, इकडं देव पाण्यात ठेवलेत. आन् रांजण मी फोडणार न्हाई. उद्या सबीलला मी बसतो."

"तुम्ही?"

"हाव. हिरवं फडकं मला बांधता येत न्हाई का? लोक हसतील तर हसू द्या. तान्ह्या लेकरांचं ते पदराचं तेवढं मला जमायचं न्हाई. यंदा चमच्यानं."

चांदबीला हसू आलं नाही, पण तिनं फोन बराच वेळ कानाला तसाच धरून ठेवला.

दुसरा दिवस असाच सरकला. आत इकराच्या पोटातून नळीनं पाणी काढत होते, अंगातलं पाणी ओढून घेणारं औषधाचं पाणी भरत होते, पुन्हा काढत होते. काचेतून दिसायचा तो फक्त सुजलेला चेहरा, ओळख न पटणारा. एकदा मशीन ओरडायला लागलं आणि सगळे पलंगाकडं धावले, तेव्हा चांदबीनं डोळे मिटून घेतले आणि ते उघडायची तिला हिंमत होईना. नाजिया काचेला कपाळ लावून उभी होती. सासू-सुनेत हातभराचं अंतर होतं.

दुपार कलताना दार ढकलून वर्षाराणी बाहेर आली, जवळजवळ पळतच. "झाली! लघवी झाली! पिशवीत उतरली!" नाजिया पहिल्यांदा मोठ्यानं रडली. ती भोकरची बाईसुद्धा पदर डोळ्यांना लावून रडली. माणसावर अशी वेळ येते की पिवळ्या पाण्याच्या चार थेंबांसाठी अख्खा जिना देवाचे आभार मानतो. डॉक्टरांनी मात्र बजावलं, "घोटभर सुद्धा जास्त गेलं तर पुन्हा तिथंच येऊ. अजून काही टळलेलं नाही."

सूज हळूहळू उतरली. घशातली नळी निघाली. डोळे उघडले तसा इकराचा तोच जप सुरू झाला, आता घोगऱ्या आवाजात, "पानी." डॉक्टरांनी थोडं थोडं पाणी सुरू करायला सांगितलं, सिरिंजनं, मोजून, ठरलेल्या वेळेला. मोठ्या मिनतवारीनं बाळ बाहेर सद्दामकडं ठेवून नाजिया आत बसायला लागली. पण एका दुपारी बाहेर बाळानं रडून आकांत मांडला. नाजिया दारात आली. बाकावर सासू बसली होती. नाजियानं आधी तिच्याकडं बघितलं, आणि मग वर्षाराणीकडं. वर्षाराणीनं खांदे उडवले, नाही म्हटलं नाही.

"अम्मी," नाजिया म्हणाली. तिनं भरलेली छोटी सिरिंज सासूच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं सिरिंजवर मिटवली. "एवढंच. माझी शपथ हाय तुम्हाला."

चांदबीनं गाऊन चढवला. इकरानं दादीला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला, जसा स्टँडवर रांजण बघून माणसांचा उजळतो. चांदबीनं सिरिंज ओठांना लावली आणि थेंब थेंब सोडलं. पोरीनं दोन घोटांत ते संपवलं.

"और."

"बस, बेटा."

"दादी, और दे ना."

सगळ्या जन्मात ज्या तोंडातून "अजून देऊ?" एवढंच निघालं होतं, त्या तोंडातून चांदबीनं आज दुसराच शब्द काढला. "नै."

इकराला वाटलं, दादी खेळतेय. तिनं मोकळा हात पुढं केला, गाऊनच्या आत चाचपून पदराचं टोक शोधलं आणि विश्वासानं तोंडात घातलं. चोखलं. टोक कोरडंच. पुन्हा चोखलं. मग तसंच तोंडात धरून तिनं दादीकडं बघितलं.

चांदबीनं नजर वळवली नाही. तिचे डोळे भरून आले, पण ते पुसायला तिनं पदराचं दुसरं टोकही घेतलं नाही, कारण पदर ओला होऊन चालणार नव्हता. गाऊनच्या बाहीनं तिनं डोळे पुसले.